बाबेलला गेलेले पत्र



आज सामान्य काळातला तेहतिसावा रविवार. आजच्या मिस्साचे प्रवेशवचन यिर्मया संदेष्ट्याच्या २९ व्या अध्यायातून घेतलेले आहे. माझ्या मनात तुमच्याविषयी शांतीचे विचार आहेत, पीडेचे नाहीत. तुम्ही हाक माराल तेव्हा मी ऐकेन आणि जिथे जिथे तुमची पांगापांग झाली तिथून तुम्हाला परत आणीन, असा त्याचा आशय.

यातला पहिला भाग, म्हणजे ११ वे वचन, आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. दारावरच्या फ्रेममध्ये, वर्षाच्या कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर आणि आता मोबाइलवर रोज सकाळी ते आपल्याला भेटते. दहावीला बसलेल्या मुलाला, मुलाखतीला निघालेल्या मुलीला, ऑपरेशनसाठी नांदेडला नेलेल्या माणसाला आपण हेच वचन देतो. देताना आपले मन चांगलेच असते. पण कधी मुलगा नापास होतो. नोकरी दुसऱ्याच्या मुलीला लागते. माणूस दवाखान्यातून परत येत नाही. आणि मग घरातली बाई विचारते, वचन तर देवाचंच होतं ना?

या प्रश्नाला उत्तर देणे आपल्याला भाग आहे. तुझा विश्वास कमी पडला, असे उत्तर काही ठिकाणी दिले जाते. ते उत्तर क्रूर आहे आणि खोटेही आहे. देवाच्या मनातले आपल्याला कळत नाही, एवढे म्हणून गप्प बसणे त्यापेक्षा बरे. पण त्या बाईचा प्रश्न त्याने सुटत नाही. खरा मार्ग असा की, हे वचन मुळात कोणाला, कधी आणि कशासाठी दिले गेले ते आधी पाहावे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली देवाच्या प्रकटीकरणाविषयी जो दस्तऐवज दिला त्यातही हेच सांगितले आहे: पवित्र लेखकाला आपल्या काळात, आपल्या लोकांपुढे काय म्हणायचे होते ते शोधल्याशिवाय देव आपल्याला काय म्हणतो हे नीट कळणार नाही. इतिहास वाचल्याने श्रद्धा पातळ होते अशी भीती पुष्कळांना वाटते. या वचनाच्या बाबतीत तर नेमके उलटे घडते, असे मला वाटते.

तर गोष्ट अशी. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले. यकन्या हा तरुण राजा, त्याची आई, दरबारी, सुतार, लोहार अशा कामाच्या माणसांना त्याने बाबेलला नेले. किती नेले याचे आकडे बायबलमध्येच दोन आहेत. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात दहा हजार म्हटले आहे, तर यिर्मयाच्या शेवटच्या अध्यायात ३,०२३. कसेही मोजा, देशाचे हात आणि डोके दोन्ही उचलून नेले होते. मागे उरलेल्यांवर सिद्कीयाला राजा म्हणून बसवले. हे केवळ बायबलच सांगते असे नाही. बाबेलच्या राजवृत्तान्ताच्या मातीच्या पाटीवर त्या वर्षीच्या स्वारीची नोंद आहे, आणि बाबेलच्या राजवाड्यातून यकन्या व त्याच्या मुलांना जे तेल शिधा म्हणून मिळत असे त्याच्या पावत्याही खोदकामात सापडल्या आहेत. राजा होता, पण रेशनवर होता.

आता त्या नेलेल्या लोकांची अवस्था डोळ्यांपुढे आणा. घर नाही, मंदिर नाही, भाषा परकी. बाबेलहून यरुशलेमला यायला एज्राला पुढे चार महिने लागले, एवढे ते अंतर. अशा माणसाला सर्वांत गोड काय लागेल? लवकरच परत जाऊ, हे शब्द. आणि ते म्हणणारे लगेच उभे राहिले.

त्यांतला एक हनन्या. गिबोनचा संदेष्टा. त्याची गोष्ट २८ व्या अध्यायात आहे. २९ व्या अध्यायाचे वचन दारावर लावणाऱ्याने हा २८ वा अध्याय एकदा तरी वाचावा. बाबेलच्या अधीन राहावे लागेल हे दाखवण्यासाठी यिर्मया मानेवर लाकडी जू घालून फिरत होता. हनन्याने मंदिरात, सगळ्यांच्या देखत, परमेश्वराच्या नावाने घोषणा केली की दोन वर्षांत सगळे परत येणार: राजा, लोक, मंदिराची पात्रे, सगळे. यिर्मयाचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. तो आधी म्हणाला, आमेन, परमेश्वर तसेच करो! त्याला काही आपल्या लोकांचे वाईट व्हायला नको होते. मग त्याने एवढेच बजावले की, शांतीचे भाकीत करणारा संदेष्टा खरा की खोटा हे त्याचे बोलणे घडून आल्यावरच कळते. हनन्याने त्याच्या मानेवरचे जू काढले आणि मोडून टाकले. लोकांना ते किती आवडले असेल! यिर्मया काही न बोलता निघून गेला. नंतर तो परत आला तो हा निरोप घेऊन: लाकडाचे जू मोडलेस, आता लोखंडाचे येईल. खोटी आशा कशी नुकसान करते, ते यापेक्षा थोड्या शब्दांत कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. दोन वर्षांत सुटणार म्हटल्यावर कोण घर बांधेल, कोण झाड लावेल, कोण मुलांची लग्ने करेल? माणूस गाठोडे बांधून दारात बसून राहतो, आणि आयुष्य निघून जाते.

याच सुमारास यिर्मयाने ते पत्र लिहिले. होय, आपले लाडके वचन हे एका पत्रातले आहे. सिद्कीया राजाचे दोन दूत, एलासा आणि गमऱ्या, कामासाठी बाबेलला निघाले होते. त्यांच्या हाती ते धाडले. त्यात काय लिहिले? घरे बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांचे फळ खा. लग्ने करा, मुलांची लग्ने लावा, तिथे तुमची संख्या वाढू द्या. ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे. आणि मग दहावे वचन: बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर मी तुमच्याकडे लक्ष देईन आणि तुम्हाला परत आणीन. त्याला लागूनच अकरावे वचन येते.

सत्तर वर्षे! पत्र वाचले जात असताना समोर बसलेल्या तिशीतल्या माणसाने मनाशी हिशेब केला असणार. आपण तर जाणार नाही. मुलगा गेला तर म्हातारा होऊन जाईल. नातवाला कदाचित यरुशलेम दिसेल. म्हणजे ज्या लोकांना तुमच्याविषयी माझे विचार शांतीचे आहेत असे सांगितले गेले, त्यांतले बहुतेक जण परदेशातच मातीत जाणार होते, आणि हे त्यांना त्याच पत्रात सांगितलेले होते. आजच्या प्रवेशवचनात ११, १२ आणि १४ ही वचने आहेत. १० वे त्यात नाही. दारावरच्या फ्रेममध्येही ते नसते. लोकांना ते पत्र मुळीच आवडले नाही. शमाया नावाच्या एकाने बाबेलहून यरुशलेमच्या याजकाला उलटे पत्र लिहिले की, हा वेडा मनुष्य फार दिवस लागतील म्हणतो, याला खोड्यात का घालत नाही?

इथे आपल्या मराठी भाषेतली एक गंमत सांगतो. मूळ इब्रीत या वचनातले 'तुम्ही' हे अनेकवचन आहे. सगळ्या लोकसमूहाला उद्देशून. मराठीत आपण एका माणसालाही आदराने 'तुम्ही' म्हणतो, त्यामुळे एकट्याने वाचताना ते आपल्यालाच म्हटल्यासारखे वाटते. आणि काही ठिकाणी 'योजना' हा शब्द येतो, तोही थोडा फसवा. योजना म्हटले की आपल्याला घरकुल किंवा विहिरीची फाइल आठवते: अर्ज मंजूर झाला की लाभ मिळणारच. इब्री शब्दाचा अर्थ विचार, बेत, मनातले असा आहे. देवाच्या मनात आपल्या लोकांविषयी काय आहे हे तो सांगतो. यंदा तुमच्या घरी काय घडेल याचे ते भविष्य नव्हे.

मग हे वचन आपले नाहीच का? आहे, आणि राणीसावरगावच्या लोकांना ते समजायला फार दूर जावे लागत नाही.

दिवाळी झाली की आपल्या भागातल्या, गंगाखेडच्या या सगळ्या डोंगरपट्ट्यातल्या, वाड्या-वस्त्या रिकाम्या होतात. टोळ्या कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात, बी-बियाण्यात आधीच संपलेली असते. पहाटे थंडीत फडात उतरायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, रात्री कोपीत यायचे. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, हेच. हिशेब होतो तेव्हा पुष्कळदा उचल फिटलेली नसते, आणि बाकी पुढच्या वर्षावर जाते. आपल्या बाकांवरही या रविवारी जागा मोकळ्या आहेत, ते कोणाच्याही लक्षात येईल.

बाबेलचा बंदिवास आणि ऊसतोड या एकच गोष्टी आहेत असे मी म्हणत नाही. तिथे सैन्याने नेले, इथे कर्ज आणि कोरडवाहू जमीन नेते. तिथे सत्तर वर्षे सलग, इथे वर्षाला सहा महिने. पण जी बाई बारा वर्षांची असताना आईबरोबर पहिल्यांदा फडात गेली आणि आज पंचेचाळिशीत सुनेला घेऊन जाते, तिचे महिने जोडून पाहा. तिलाही दर वर्षी कोणीतरी सांगते, यंदाच्या हंगामात सगळी उचल फिटणार, पुढच्या वर्षी कोयता हातात धरायचा नाही. हनन्या आपल्याकडेही येतो. कधी सभेत बोलतो, कधी पैसे दुप्पट करण्याची स्कीम घेऊन येतो, आणि कधी बायबल हातात धरून एका रात्रीत कर्जमुक्तीची हमी देतो. त्याची भाषा आशेची असते, म्हणून त्याला ओळखणे कठीण.

यावर कोणी रागाने विचारील, आणि त्याने विचारावेच: म्हणजे काय, गरिबाला सत्तर वर्षे कळ काढायला सांगायचे? ज्या नगरात नेले त्याचे हित पाहा म्हणजे मुकादमाचे आणि कारखान्याचे भले चिंतून गप्प राहा? शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली होती; पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. अशा बहिणीपुढे उभे राहून देवाचे विचार शांतीचे आहेत असे म्हणायला तोंड कसे उघडावे?

यिर्मयाला हा प्रश्न विचारला असता तर त्याने आपले बाकीचे लिखाण दाखवले असते. २२ वा अध्याय काढा. जो अन्यायाने घर बांधतो, शेजाऱ्याकडून काम करून घेतो आणि मजुरी देत नाही, त्याला तो धिक्कारतो. आणि तो मनुष्य कोणी परका नसून त्याचाच यहूदी राजा यहोयाकीम आहे. याच राजाच्या बापाने, योशीयाने, दीनदुबळ्यांचा न्याय केला, आणि देवाला ओळखणे म्हणजे हेच, असे तो त्याच दमात सांगतो. बाबेलच्या बाबतीतही तसेच. सिद्कीयाच्या चौथ्या वर्षी, म्हणजे हनन्याशी तंटा झाला त्याच वर्षी, बाबेलवर येणाऱ्या अरिष्टाचे सगळे लिखाण त्याने एका गुंडाळीत लिहून सरायाच्या हाती दिले, आणि ते तिथे वाचून झाल्यावर दगड बांधून फरात नदीत बुडवायला सांगितले. बाबेलही असेच बुडेल. त्या नगरासाठी प्रार्थना करा असे सांगणारा आणि ते नगर बुडेल असे सांगणारा माणूस एकच आहे. नगराचे हित मागणे म्हणजे त्याचा अन्याय मान्य करणे नव्हे, हे त्याला पक्के ठाऊक होते. 'हित' असे ज्याचे भाषांतर होते तो इब्री शब्द शालोम. त्यात भांडण नसणे एवढेच येत नाही. पोटभर अन्न, धडधाकट अंग, खरा न्याय, सगळे येते. उसाच्या फडात शालोम मागायचे तर त्यात चोख वजन, चोख हिशेब, बाळंतिणीला विसावा आणि पोराला शाळा हे मागणे आलेच.

तेव्हा, सत्तर वर्षे लागतील याचा अर्थ सत्तर वर्षे काहीच करू नका असा यिर्मया घेत नाही. उलट, लांबचे आहे म्हणूनच आज पाया घाला, असे तो म्हणतो. मुलांना फडात न नेता आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून शिकवणारे आईबाप आपल्यात आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाची वसतिगृह योजना जाहीर केली, तिचाही उपयोग करता येतो. तोडणीच्या दरात जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढीचा करार झाला, तो कोणा हनन्याच्या घोषणेने नव्हे, तर संघटनांनी काम थांबवण्याची तयारी ठेवून, चर्चेला पुन्हा पुन्हा बसून मिळवला. ही सगळी घर बांधण्याची आणि मळा लावण्याची कामे आहेत. यात चमत्कार दिसत नाही म्हणून आपण याला आशा म्हणत नाही, एवढेच.

या वचनाच्या शेवटी आशेसाठी जो इब्री शब्द आहे तो तिक्वा. यहोशवाच्या पुस्तकात हाच शब्द दोरासाठी आला आहे: राहाबने खिडकीला बांधलेला तांबडा दोर. म्हणून मला तिक्वा म्हटले की आडातून पोहरा ओढणारा दोर आठवतो. पाणी खोल गेले तर दोर लांब लागतो, आणि तो एकट्याने ओढवत नाही.

यिर्मयाने स्वतः असा दोर कसा धरला ते ३२ व्या अध्यायात आहे. यरुशलेमला वेढा पडलेला, तो स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथचे माझे शेत विकत घे. शत्रूच्या सैन्याखाली गेलेले शेत! कोणीही शहाणा माणूस नाही म्हणेल. यिर्मयाने १७ शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदारांसमोर खरेदीखत केले, आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला बारूखला सांगितले. सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्याला या गोष्टीचे मोल जास्त कळेल. त्या शेतात यिर्मयाने कधी नांगर घातला नाही. पुढे यरुशलेम पडले, त्याला लोकांनी आपल्याबरोबर मिसरात नेले, आणि त्यानंतरची त्याची काही हकिकत पवित्र शास्त्रात नाही. पण इ. स. पू. ५३९ मध्ये कोरेश राजाने बाबेल घेतले, लोक परतू लागले, आणि ५१५ मध्ये मंदिर पुन्हा उभे राहिले.

सगळेच परतले असेही नाही. बाबेलच्या खेड्यांतून यहूदी वस्तीच्या मातीच्या पाट्या सापडल्या आहेत. त्यांतला एक मोठा संच २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गावाचे नावच यहूदानगर. पाट्यांवर जव आणि खजुराचे हिशेब, जमिनीचे सारे, देणीघेणी. एका घराण्याच्या तर पिढ्यान्‌पिढ्यांची नावे त्यांत वाचता येतात. बापांच्या आणि मुलांच्या नावांत परमेश्वराचे नाव गुंफलेले. पत्रात सांगितले तसे त्यांनी घरे बांधली होती, मळे लावले होते, आणि आपला देव विसरले नव्हते. त्यांना पत्र पोचले होते असे म्हणायला हरकत नाही.

आपण ख्रिस्ती लोक हे वचन प्रभू येशूच्या प्रकाशात वाचतो, आणि तो हक्क आपला आहे. दानीएलनेही त्या सत्तर वर्षांचा नवा अर्थ शोधलाच होता. पण प्रभूसुद्धा वधस्तंभ टाळून पुनरुत्थानाकडे गेला नाही. दहावे वचन वगळून अकरावे नाही. त्या विचारणाऱ्या बाईला म्हणूनच असे सांगता येईल: बाई, तुझा माणूस दवाखान्यातून घरी येईल असे देवाने त्या वचनात कबूल केलेले नव्हते, ते आम्ही तुझ्या दारावर घाईने लावले. त्याने कबूल केले ते हे की, तो आपल्या लोकांना सोडणार नाही, मेलेल्यांनाही नाही. आणि त्या 'तुम्ही'मध्ये तू एकटी नाहीस. तुझी पेरणी कोणी करायची, तुझ्या मुलाची फी कोणी भरायची, हे आम्ही सगळ्यांनी मिळून बघायचे आहे.

आजचा रविवार २०१७ पासून जगभर गरिबांचा दिवस म्हणूनही पाळला जातो; पोप फ्रान्सिस यांनी तो सुरू केला. आज भाविकांच्या प्रार्थनेत टोळीवर गेलेल्यांसाठी, आणि ते जिथे आहेत त्या गावांसाठी, विनंती असेल. मिस्सानंतर चर्चच्या दाराशी वही ठेवली आहे. आपल्या घरातले कोण, कोणत्या कारखान्यावर, कोणत्या गावाजवळ आहे ते तीत लिहावे. नाताळच्या आधी ज्यांचे कोणी त्या बाजूला जाणार असेल त्यांनीही नाव द्यावे. त्यांच्या हाती तिकडच्या कोप्यांवर पत्रे धाडायची आहेत.